बैलांनी प्यायलेली कळशी

मंडी मोहल्ल्यातल्या आपल्या घरच्या विहिरीवर गिरिजाबाईंनी तांब्याची कळशी घासून लख्ख केली, काठोकाठ भरली, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि मांडीवर घेऊन त्या जटक्यात, म्हणजे मैसुरी टांग्यात, बसल्या. शेजारच्या गोदावरीबाई चढल्या तसा जटका एका अंगाला कलला आणि कळशीतलं चमचाभर पाणी गिरिजाबाईंच्या लुगड्यावर सांडलं.

"सावकाश गं गोदक्का! आत्ताच सांडवलंस."

"गिरिजे, चाललीस कावेरीतल्या बेटावर आणि पाणी नेतेस मैसूरहून? चारी अंगांनी नदी आहे म्हणे तिथं."

"नदी आहे. पण घर लेकीचं आहे ना?"

गोदावरीबाईंनी कळशीकडे बघितलं आणि आपलं बोचकं मांडीवर ओढून घेतलं. सोयरा ही गिरिजाबाईंची एकुलती एक लेक. तिला दोन वर्षांपूर्वी शिवनसमुद्रच्या बेटावर दिली होती. तिथं कावेरी दोन फाट्यांनी फुटते, दोन्हीकडून कड्यावरून कोसळते, आणि त्या पाण्यावर सरकारने विजेचा कारखाना उभारला होता. सोयराच्या सासऱ्यांचं, सत्यनारायणरावांचं, तिथल्या कामगारांच्या वसाहतीत कापडाचं दुकान होतं. जावई वेंकटरमण शिंप्याच्या घराण्यातला असून सुई सोडून कारखान्यात कामाला लागला होता. सासू नव्हती. सोयराला पाचवा महिना लागला होता आणि आई तिची ओटी भरायला निघाली होती.

गिरिजाबाईंचे यजमान महादेवराव शिंपी. माघातली लग्नसराई म्हणजे त्यांना मान वर करायला फुरसत नसे. म्हणून सोबतीला शेजारचं जोडपं निघालं होतं. गोदावरीबाईंचे यजमान नागोजीराव हे महाराजांच्या रिसाल्यातले जुने सिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला राहिलेले. आता पेन्शन होती, मिशा होत्या, घोडा मात्र नव्हता. ते जटकेवाल्याशेजारी बसले आणि बसल्या बसल्या त्याच्या घोड्याच्या नालेचे दोष सांगू लागले.

आता त्या पाण्याची गोष्ट. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी आईबापांनी घ्यायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. पुष्कळ घरांत तो ढिला झाला होता. गिरिजाबाईंच्या घरात नव्हता. संक्रांतीला जावई आले होते तेव्हा तिळगूळ हातात धरून, खाली बघत म्हणाले होते, "सोयराने निरोप दिलाय. म्हणजे मी नाही म्हणत, ती म्हणते. 'आई येणार असेल तर तिने माझ्या हातचं पाणी प्यायला पाहिजे. नाही तर ओटीचं सामान पाठवून दे म्हणावं, स्वतः येऊ नको.'"

गिरिजाबाई तेव्हा हसल्या होत्या. "हट्टी आहे, बापावर गेलीय," म्हणाल्या होत्या. पण त्या दिवसापासून तो निरोप त्यांच्या मनातून जात नव्हता. कारण असं, की सोयराच्या आधी त्यांना एकदा दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात त्यांची आई भेटायला आली होती. ऊन फार होतं, आईने लेकीच्या घरी भांडंभर ताक घेतलं. महिन्याभरात ते पोट रिकामं झालं. कोणी कोणाला बोल लावला नाही. आईच आपल्या तोंडावर मारून घेऊन म्हणाली, "या तोंडाने केलं." पुन्हा ती माउली लेकीच्या दारात आली ती पायरीवरूनच परत गेली. ही गोष्ट पोटुशा मुलीला सांगण्यासारखी नव्हती, म्हणून सोयराला ठाऊक नव्हती. गोदावरीबाईंना ठाऊक होती. म्हणून कळशीची थट्टा त्यांनी तिथंच सोडली.

आगगाडी सुटली, तासाभरात नदीच्या पुलावर आली. दोन्ही बाजूंना पाणी दिसताच गोदावरीबाई बोचकं उचलून उभ्या राहिल्या.

"आलं की बेट! उगीच लांब लांब म्हणत होतात."

"खाली बसा," नागोजीराव म्हणाले. "हे श्रीरंगपट्टण."

"हेही बेटच आहे ना? नदीही तीच ना? मग इथंच भरू या ओटी. सोयराला बोलावून घ्या."

"तुमच्यासाठी नदीने जागोजागी बेटं करून ठेवलीत. आपलं बेट अजून दिवसभर लांब आहे. बसा!"

डबाभर माणसं हसली. पलीकडच्या बाकावरच्या एका कानडी म्हातारीने गोदावरीबाईंना जवळ बसवून पेरूची अर्धी फोड दिली, आणि मद्दूर येईपर्यंत दोघींनी एकमेकींच्या सुनांची पूर्ण चौकशी उरकून घेतली.

मद्दूरच्या स्टेशनाबाहेर छपराची बैलगाडी उभी होती. पांढरे, उंच वशिंडाचे दोन बैल, आणि त्यांच्याशेजारी निंगय्या नावाचा गाडीवान. दुकानाचा कापडाचा माल नेण्यासाठी सत्यनारायणरावांनी ही गाडी आणि ही जोडी घरचीच ठेवली होती. आज सोयराने ती आईसाठी पाठवली होती.

गिरिजाबाई गाडीच्या चाकाशी थबकल्या. "लेकीच्या घरची गाडी. बसू का गं?"

"अय्यो, रिवाज खाण्यापिण्याचा आहे, बसण्याचा नाही," गोदावरीबाई म्हणाल्या. "तसं धरलंस तर लेकीच्या दारातला वारासुद्धा घेता यायचा नाही. दोन दिवस नाक दाबून बसणार आहेस का?"

गिरिजाबाई बसल्या. नागोजीराव बसेनात. "सिलेदार माणूस बैलगाडीत बसत नाही," असं म्हणून ते मिशीवर हात फिरवत गाडीबरोबर चालू लागले. मैलभर गेल्यावर त्यांचा हात गाडीच्या दांडीवर आला. आणखी थोड्या वेळाने ते मागच्या बाजूला पाय सोडून बसले होते.

"बसलात?" आतून गोदावरीबाई म्हणाल्या.

"बसलो नाही. मागून टेहळणी करतोय."

रस्ता असा होता की गाडी पुढे जाते आहे की नुसती वरखाली होते आहे, ते कळू नये. चाक खड्ड्यात गेलं की गोदावरीबाई गिरिजाबाईंच्या अंगावर, वर आलं की गिरिजाबाई गोदावरीबाईंच्या. कळशी मात्र गिरिजाबाईंच्या पोटाशी घट्ट. धूळ इतकी की दुपारपर्यंत दोघींच्या भुवया पांढऱ्या झाल्या. "पीठ चाळताना सापडल्यासारखी दिसतेस," एक म्हणाली. "तू त्याच पिठात मळल्यासारखी," दुसरी म्हणाली.

मळवळ्ळीला झाडाखाली दशम्या सोडल्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, चटणी आणि कांदा. गिरिजाबाईंनी कळशीतून सगळ्यांना एकेक भांडं पाणी दिलं, स्वतः मात्र दोनच घोट घेतले.

"हात आखडलास?" गोदावरीबाई म्हणाल्या.

"आजची रात्र काढायची आहे यावर. उद्या सकाळी नदीवर जाऊन माझ्या हाताने भरेन. तोवर हेच."

"आणि ती पोर पाणी घेऊन पुढ्यात उभी राहील तेव्हा?"

"तेव्हा बघू," गिरिजाबाई म्हणाल्या आणि फडकं पुन्हा घट्ट बांधलं.

मळवळ्ळी मागे पडली आणि ऊन असं तापलं की बैलांच्या तोंडाला फेस आला. वाटेतलं तळं आटून त्याला भेगा पडल्या होत्या. चिंचेच्या बनात निंगय्याने गाडी सोडली, बैल बांधले आणि चाकाची खीळ सैल झाली होती ती ठोकायला दगड शोधत तो पलीकडे गेला. सावलीत पडल्या पडल्या दोघी बायांचा डोळा लागला.

गिरिजाबाईंना जाग आली ती चप चप आवाजाने. मोठा सुखाचा आवाज होता. त्यांनी मान वळवली. गाडीखाली टांगलेली लाकडी बादली जमिनीवर होती, तिच्यात एका बैलाचं तोंड होतं, दुसरा ओठ चाटत उभा होता आणि नागोजीराव त्यांच्या मानेवर थापट्या मारत होते. कळशी शेवटच्या घोटभर पाण्याने धुऊनपुसून, पालथी घालून गाडीच्या दांडीला टांगलेली होती. रिसाल्यात भांडी तशीच टांगायची शिस्त होती.

"भावजी," गिरिजाबाई हळूच म्हणाल्या, "पाणी?"

"पाजलं!" नागोजीरावांनी छाती काढली. "दोघांनाही पोटभर. आधी जनावर, मग स्वार. उभ्या चाकरीत माझ्या चंद्री घोडीच्या आधी मी पाण्याला तोंड लावलं नाही."

गोदावरीबाई उठून बसल्या. कळशीकडे बघितलं, बैलांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"आणि स्वारांसाठी काय उरलं?"

नागोजीरावांनी दांडीवरची कळशी काढली, सुलट केली आणि आत डोकावून पाहिलं. आत त्यांना आपल्याच मिशा दिसल्या असाव्यात, कारण त्यांची छाती हळूहळू खाली बसली.

"वहिनी," ते म्हणाले, "हाताला सवय आहे हो. जनावराच्या तोंडाला फेस दिसला की डोकं विचारत नाही, हात चालतो."

"तुमचं डोकं घोडा विकला तेव्हा खोगिराबरोबरच गेलं!" गोदावरीबाई कडाडल्या. "बाई घोट घोट राखून आणतेय मैसूरपासून, आणि हे बैलांची पंगत वाढतात!"

तेवढ्यात निंगय्या दगड घेऊन आला. सगळा प्रकार कळल्यावर तो कानडीत म्हणाला, "धनी, या चिंचांच्या पलीकडेच ओढा आहे. मी बैलांना रोज तिथंच पाजतो. आताही तिकडेच नेणार होतो."

"मग त्याच ओढ्यावर कळशी भरू," नागोजीराव घाईने उठले.

ओढा होता. पण त्यात म्हशींचा कळपच्या कळप मिटल्या डोळ्यांनी बसला होता, आणि पाण्याचा रंग मंडी मोहल्ल्यातल्या कॉफीसारखा होता. पुढच्या गावात विहीर होती, तिच्यावर पोहरा नव्हता. माणूस शोधावं तर निंगय्याची घाई. बेटावर जाणारा पूल जुना, दगडी खांबांचा; अंधारात बैल त्यावर पाय टाकायला बिचकतात, उजेडी पार व्हायला हवं होतं.

गिरिजाबाई रागावल्या नाहीत. रागवायला तोंड ओलं लागतं. त्या रिकामी कळशी मांडीवर घेऊन बसल्या. नागोजीराव सगळी वाट त्यांच्या नजरेला पडणार नाहीत असे, चाकाच्या आडून चालले. कोणी "बसा" म्हटलं नाही, त्यांनीही टेहळणीचं नाव काढलं नाही.

"पोचल्या पोचल्या नदीवर उतरेन," गिरिजाबाई खरखरीत आवाजात म्हणाल्या.

"उतर बाई. नाही तर मी ह्यांना पिळून पाणी काढते," गोदावरीबाई म्हणाल्या.

सूर्य कलला आणि लांबून जात्याची घरघर यावी तसा आवाज येऊ लागला. तो वाढत गेला. "धबधबा," निंगय्या म्हणाला. मग एकदम वारा गार झाला. पूल आला. खाली काळ्या खडकांमधून कावेरी पसरली होती, मावळतीने तांबूस झालेली, नजर पोचेल तिथवर पाणीच पाणी. पलीकडे नारळी, पोफळी, केळी, एकमेकींत घुसलेली हिरवी गर्दी, आणि थोराड झाडांवर उलटी टांगलेली मोठमोठी वटवाघळं. पुलाच्या कठड्यावर माकडांची रांग बसली होती. त्यातल्या एकाने गोदावरीबाईंच्या बोचक्यातून कोडबळ्यांची, म्हणजे तिखट कडबोळ्यांची, पुडी अशी सफाईने उचलली की त्या ओरडायचंसुद्धा विसरल्या.

"थांबव रे गाडी, मी उतरते," गिरिजाबाई म्हणाल्या.

"अम्मा, इथं उतार नाही. खडक शेवाळलेत. पाय घसरला तर धबधब्याखालीच सापडाल."

आणि बैलांना आता घराचा वास लागला होता. त्यांचं पोट भरलेलं, पाणी प्यालेले, ताजेतवाने. ते जे पळत सुटले ते पूल ओलांडून, केळीच्या बागेतून, वसाहतीतल्या एका कौलारू घराच्या अंगणात आपल्या गोठ्यासमोर जाऊन उभे राहिले. नागोजीराव मागून धापा टाकत पोचले. त्याच वेळी वसाहतीतले विजेचे दिवे एकदम पेटले. गोदावरीबाईंनी दोन्ही हात जोडून दिव्याला नमस्कार केला.

सोयरा दारात उभी होती. अंगाने भरली होती, चेहरा उजळला होता. तिने कढत पाणी घालून सगळ्यांचे पाय धुतले. गोदावरीमावशीला मिठी मारली. "काका, तुम्ही चालत आलात?" असं विचारलं, त्यावर नागोजीरावांनी फक्त मान हलवली. मग ती आत गेली आणि एका हातात गडू, एका हातात गुळाचा खडा घेऊन आईसमोर येऊन उभी राहिली.

गिरिजाबाईंची जीभ टाळ्याला चिकटली होती. गडूच्या बाहेरून पाण्याचे थेंब ओघळत होते. गिरिजाबाईंनी त्या थेंबांकडे पाहिलं, मग लेकीच्या पोटाकडे पाहिलं, आणि रिकामी कळशी उचलली.

"मी जरा नदीवर जाऊन येते, सोये."

"अंधार पडला आई."

"दिवे आहेत की."

सोयराचा हात तसाच पुढे राहिला. "अख्खी कावेरी चालते तुला," ती म्हणाली. "तिच्यातूनच भरलेलं हे पाणी, पण माझ्या हातातलं तेवढं चालत नाही. मी काय केलं गं?"

गिरिजाबाईंनी रिकामी कळशी पोटाशी धरली. खरं सांगता येत नव्हतं आणि खोटं सुचत नव्हतं. गोदावरीबाईंना ते बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून त्या नवऱ्यावर घसरल्या.

"हिचा काही दोष नाही गं! हिने पाणी आणलं होतं, चांगलं कळशीभर. तुझ्या ह्या काकांनी ते तुझ्या बैलांना पाजलं! आधी जनावर, मग स्वार म्हणे! आणि वर कळशी धुऊन टांगली!"

सोयराने काकांकडे पाहिलं. काका मिशीच्या आड लपायच्या प्रयत्नात होते. तिला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी होतं तरी ती पोटाला हात लावून हसत सुटली. हसता हसता मधेच थांबली.

"आमच्या बैलांनी प्यालं?"

"दोघांनी. थेंब नाही ठेवला."

सोयराने गडू पायरीवर ठेवला. आईच्या हातातून कळशी काढून घेतली आणि आत गेली. रांजणातून पाणी काढल्याचा आवाज आला.

"अगं, जड उचलू नको!" गिरिजाबाई ओरडल्या.

"मी आणतो," नागोजीराव धावले.

"तुम्ही नको काका," आतून आवाज आला. "वाटेत बैल आहेत."

शेवटी कळशी गोदावरीबाईंनी उचलून आणली. काठोकाठ भरलेली, फडक्यातून पाणी पाझरतंय अशी. सोयराने ती आईपुढे ठेववली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मंडी मोहल्ल्यात शेजारणीच्या दारात उभ्या राहणाऱ्या गिरिजाबाई हुबेहूब तशाच दिसत.

"हे तुमचं उसनं घ्या," ती म्हणाली. "आमच्या घराने दुपारी तुमच्याकडून कळशीभर पाणी घेतलं. ते परत करतेय. मोजून घ्या."

गिरिजाबाई बघतच राहिल्या. उसन्याच्या बाबतीत त्यांच्याएवढी काटेकोर बाई त्या मोहल्ल्यात दुसरी नव्हती. वाटीभर तूरडाळ आणली तर शीग लावून परत करायच्या. एकदा गोदावरीबाईंनी "असू दे गं, वाटीभर डाळ ती काय" म्हणून घेतली नव्हती, तर आठ दिवस बोलणं बंद होतं. त्या सगळ्या वाट्या पदराखाली झाकून नेणारी पोर म्हणजे हीच सोयरा.

"हे काय भलतंच?" गिरिजाबाई म्हणाल्या.

"भलतं कसं? घेणार नसलीस तर तसं सांग. उसनं परत घेतलं नाही म्हणजे समोरच्याला भिकारी ठरवलं, असं आमच्या मोहल्ल्यात एक बाई म्हणायच्या."

नागोजीराव खोकले. गोदावरीबाईंनी पदर तोंडाला लावला.

गिरिजाबाईंनी कळशीच्या गळ्याला बोट लावून पाहिलं. मग मैत्रिणीकडे वळून अगदी हलक्या आवाजात विचारलं, "गोदक्का, चालेल का गं हे?"

त्या चार शब्दांत काय काय होतं ते गोदावरीबाईंनाच कळलं. त्या खाली बसल्या, कळशीवर हात ठेवला आणि पंचांच्या थाटात म्हणाल्या, "तू मला डाळ परत करतेस, ती माझीच डाळ असते का? दाणे दुसरे, माप तेच. ती डाळ मी माझी म्हणूनच शिजवते. हे पाणी तुझं, गिरिजे. लेकीचं नाही. देवालाही विचार, तोही हेच सांगेल."

सोयराने कळशीतून गडू भरला आणि पुढे केला. गिरिजाबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. डोळे मिटून त्यांनी मनात आपल्या आईला हाक मारली, आणि पहिला घोट घेतला. मग दुसरा. मग त्या थांबल्याच नाहीत. गडू रिकामा करून त्यांनी ओठ पुसले आणि लाजत विचारलं, "आणखी एक चालेल?"

"बैल दोन होते वहिनी," नागोजीराव अंगणातल्या गाडीच्या चाकाआडून म्हणाले. दुपारपासून त्यांनी धीर करून केलेली ती पहिली थट्टा होती, आणि गोदावरीबाईंनी पहिल्यांदाच त्यांना काही सुनावलं नाही. सोयरा आईच्या मांडीवर डोकं ठेवून बसली आणि आई गडू हातात धरूनच तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. कारखान्यातून परत आलेल्या वेंकटरमणला दारातच उभं राहावं लागलं, कारण उंबऱ्यावर सगळी मंडळी बसली होती आणि कोणी उठत नव्हतं.

सकाळी सोयरा उठली तेव्हा आईचं अंथरूण रिकामं होतं. कळशीही नव्हती. ती घाबरून अंगणात आली.

गिरिजाबाई गोठ्यात होत्या. नदीवरून त्यांनी कळशी भरून आणली होती आणि बादलीत ओतत होत्या. मागे गोदावरीबाई डोळे चोळत उभ्या होत्या, आणि नागोजीराव बैलांच्या पाठीवर हात ठेवून पाहणी करत होते.

"आई, हे काय करतेस?"

"तू गप्प बस. दोन दिवस राहायचंय मला." गिरिजाबाईंनी कनवटीला मैसूरहून बांधून आणलेला गुळाचा खडा काढून बादलीत टाकला आणि हाताने ढवळला. मग काल उरलेली दशमी मोडून अर्धी एका बैलाला दिली, अर्धी दुसऱ्याला.

"पाणी समजलं," गोदावरीबाई म्हणाल्या. "गूळ कशाला?"

"साखरेसाठी. आधी उसनं द्यायचं, मग परत घ्यायचं."

"आणि दशमी?"

"दुधात भिजवलेली आहे ना ती? ती दुधासाठी." बैलांनी बादली चाटून पुसून लख्ख केली. गिरिजाबाईंनी आत वाकून पाहिलं, थेंब राहिला नाही अशी खात्री करून घेतली, आणि पदर खोचत लेकीकडे वळल्या.

"चल सोये, आता कॉफी टाक. माझी जरा जास्त गोड कर."